रांग अदृश्य झाली, पण कोणाला? : थीम पार्कवरच्या एका लेखाची समीक्षा

मागच्या महिन्यात पेट पास झालेल्या एका ज्युनियरने विचारलं, "ताई, लिटरेचर रिव्ह्यूमध्ये कोण काय म्हणालं एवढंच लिहायचं ना? मग समीक्षा कर म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?" प्रश्न साधा आहे, पण पहिलं दीड वर्ष मलाही त्याचं उत्तर येत नव्हतं. माझ्या सिनॉप्सिसमधला आढावा "अमुक यांच्या मते", "तमुक यांच्या मते" अशा वाक्यांची नुसती माळ होती. गाईडनी एकच शेरा मारला होता: "तुमचं मत कुठाय?"

म्हणून आज व्याख्या न देता एक लेख घेऊन समीक्षा करूनच दाखवते. विषय आहे थीम पार्कमधल्या रांगा.

माझं काम सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतल्या रांगांवर आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. मग हे थीम पार्क मध्येच कुठून आलं? रांगांवरचं संशोधन वाचायला घेतलं की चार-पाच लेखांत डिस्नीचं नाव येतंच. लोक पैसे देऊन, हौसेने, तासन् तास उभे राहतात अशा जागा जगात थोड्या आहेत. त्यामुळे रांगेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी थीम पार्क ही तयार प्रयोगशाळाच. तिथे तयार झालेल्या कल्पना मग विमानतळ, बँका आणि रुग्णालयं उचलतात. तिथली कल्पना कुठे कच्ची आहे हे कळलं, तर आपण ती डोळे झाकून उचलणार नाही.

आधी एक एक्सेल शीट

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. गेल्या वर्षी मावशी तिच्याकडे गेली होती तेव्हा सगळे मिळून फ्लोरिडातल्या एका मोठ्या थीम पार्कला गेले. माझा विषय रांगांचा आहे म्हणून ताईने मला तिची एक्सेल शीट पाठवली. चार दिवस, दर अर्ध्या तासाला एक ओळ. कोणती राइड आधी, कोणती नंतर, जेवणाचं बुकिंग किती वाजता, मावशीचे गुडघे दुखतात म्हणून कुठे बसायचं, पाऊस आला तर काय. एका कॉलमचं नाव होतं "हे चुकलं तर".

मी मावशीला फोन करून विचारलं, "रांगेत खूप थांबावं लागलं का गं?" मावशी म्हणाली, "छे, रांगेत फार नाही. पण ही दोघं सारखी फोनमध्ये. आता इथे चला, आता तिथे चला. मी म्हटलं, ही सहल आहे की लग्नाचा मुहूर्त?"

मावशीचं हे उत्तर लक्षात ठेवा. आता लेखाकडे वळू.

लेख काय सांगतो

डंकन डिक्सन, रॉबर्ट फोर्ड आणि ब्रूस लावल या तिघांचा 'मॅनेजिंग रिअल अँड व्हर्च्युअल वेट्स इन हॉस्पिटॅलिटी अँड सर्व्हिस ऑर्गनायझेशन्स' हा लेख 2005 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉटेल व्यवस्थापनाच्या त्रैमासिकात आला. मांडणी एकदम स्वच्छ आहे. गर्दी झाली की संस्थेसमोर तीन वाटा असतात. पहिली, प्रत्यक्ष थांबणं कमी करा: क्षमता वाढवा, मागणी दिवसभरात पसरवा. दुसरी, थांबण्याची जाणीव कमी करा: रांगेत माणसाचं मन रमवा. तिसरी, थांबणं अदृश्यच करून टाका, म्हणजे आभासी रांग लावा. माणसाची जागा रांगेत राहील, माणूस मात्र तोवर दुसरीकडे फिरेल, खाईल, खरेदी करेल.

तिसऱ्या वाटेचं उदाहरण म्हणजे डिस्नीचा फास्टपास. 1999 मध्ये तो सुरू झाला तेव्हा पद्धत अशी होती: राइडजवळच्या यंत्रात आपलं प्रवेश तिकीट घालायचं, एक चिठ्ठी मिळायची, तिच्यावर परत येण्याची एक तासाची वेळ छापलेली असायची. त्या वेळेत आलात की छोट्या रांगेतून आत. वेगळे पैसे नाहीत. पाहुणा खूश, आणि रांगेतून मोकळा झालेला पाहुणा दुकानात गेला तर पार्कही खूश.

लेखाचं श्रेय आधी देऊ. थांबण्याच्या प्रश्नाचे हे तीन भाग इतके उपयोगी आहेत की माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा सांगाडा त्यांच्यावरच उभा आहे. समीक्षा म्हणजे चुका काढणं, असा आपल्याकडे समज आहे. लेखाने काय दिलं हे नीट सांगता आलं नाही, तर त्यात काय राहिलं हेही सांगता येत नाही.

पहिला प्रश्न: कोण लिहितंय?

दोन लेखक ऑर्लँडोतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचे, म्हणजे डिस्नी वर्ल्ड ज्या भागात आहे तिथलेच. तिसरे लेखक ब्रूस लावल हे डिस्नीत अनेक वर्षं काम केलेले औद्योगिक अभियंता आहेत. फास्टपास उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे यंत्र ज्यांनी बनवलं, तेच यंत्र कसं चाललं ते सांगत आहेत.

यात लपवाछपवी काही नाही आणि एवढ्यावरून लेख खोटाही ठरत नाही. उलट आतल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्या संशोधकाला कधीच दिसत नाही. पण बनवणाऱ्याचा प्रश्न "हे चालतं का?" असा असतो. "हे कोणाला महाग पडतं?" हा प्रश्न त्याला सहसा सुचत नाही. तुमच्या आढाव्यात "लेखक पक्षपाती आहेत" असं लिहू नका. कोणता प्रश्न विचारला गेला नाही, ते लिहा.

दुसरा प्रश्न: थांबणं कुठून कुठपर्यंत मोजलं?

इथे थोडं मागे जावं लागेल. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवणाऱ्या डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये 'द सायकॉलॉजी ऑफ वेटिंग लाइन्स' हा निबंध लिहिला. रांगांवरचा कुठलाही प्रबंध उघडा, हा निबंध सापडणारच. त्यात आठ विधानं आहेत. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. काम सुरू होण्याआधीचं थांबणं, सुरू झाल्यानंतरच्या थांबण्यापेक्षा लांब वाटतं. काळजीने थांबणं लांबतं. किती वेळ लागेल हे माहीत नसलं, कारण कळलं नाही किंवा अन्याय होतोय असं वाटलं, तर लांबतं. मिळणारी गोष्ट जितकी मोलाची, तितका वेळ माणूस थांबतो. आणि एकट्याने थांबणं चारचौघांत थांबण्यापेक्षा लांब वाटतं.

एक धोक्याची सूचना. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध "मेस्टर यांनी सिद्ध केले की" असं वाक्य लिहितात. मेस्टर यांनी तसं काहीही सिद्ध केलेलं नाही. तो निबंध आहे. त्यात त्यांचा स्वतःचा प्रयोग नाही, नमुना नाही, आकडेवारी नाही. ती तपासण्यासाठी मांडलेली विधानं आहेत. त्यातली काही पुढे इतरांनी तपासली. विधान आणि निष्कर्ष यातला फरक व्हायवामध्ये हमखास विचारतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मेस्टर यांचं एक सूत्र मात्र आपल्या कामाचं आहे: समाधान म्हणजे जाणीव वजा अपेक्षा. जे अनुभवाला आलं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा करा. त्याच निबंधात ते अपॉइंटमेंटचं उदाहरण देतात. वेळेच्या आधी आलेला माणूस ठरलेल्या वेळेपर्यंत शांत बसून राहतो. ती वेळ टळली की मात्र दहा मिनिटंही त्याला सहन होत नाहीत.

आता हे सूत्र फास्टपासला लावून बघा. डिक्सन, फोर्ड आणि लावल म्हणतात, रांग अदृश्य झाली. ठीक. पण 1999 च्या चिठ्ठीचं पुढे काय झालं? 2014 पर्यंत फ्लोरिडात कागदी चिठ्ठी जाऊन फास्टपास प्लस आला. हातातला पट्टा, ॲप आणि आधीच आरक्षण. ज्या मोठ्या योजनेचा तो भाग होता तिच्यावर सुमारे 1 अब्ज डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना 60 दिवस आधी आणि बाकीच्यांना 30 दिवस आधी राइडच्या वेळा निवडता येऊ लागल्या. दोन महिन्यांनी मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता आपल्या मुलीला कोणत्या झोपाळ्यावर बसावंसं वाटेल, हे बापाने आज ठरवायचं!

मेस्टर यांच्या सूत्रात दुसरी संख्या आहे अपेक्षा. दोन महिने आधी मिनिटामिनिटाचं नियोजन केलं की ती वाढते. प्रत्येक राइड ही एक अपॉइंटमेंट होते. म्हणजे मेस्टरना आधार मानलं तर आभासी रांग समाधान वाढवेलच असं नाही. ती जाणीव सुधारते आणि अपेक्षाही चढवते. कोणतं पारडं जड, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. 2005 च्या लेखात हा मुद्दा येणं शक्यच नव्हतं, कारण तेव्हा चिठ्ठी त्याच दिवसाची होती. दोष लेखाचा कमी, आणि 2005 चा निष्कर्ष आजच्या ॲपला जसाच्या तसा चिकटवणाऱ्यांचा जास्त आहे. तुम्ही संदर्भ देताना त्या काळी यंत्रणा कशी होती हे बघता का? मी बघत नव्हते.

तिसरा प्रश्न: कोणाची रांग?

इथे थोडं गणित. घाबरू नका, भागाकारापलीकडे काही नाही.

समजा एका राइडवर तासाला 1,800 माणसं बसतात. तुमच्यापुढे 600 माणसं आहेत. 600 भागिले 1,800, म्हणजे 20 मिनिटं. आता समजा तासातल्या 1,350 जागा वेळ घेऊन आलेल्यांना दिल्या. साध्या रांगेला उरल्या 450. त्याच 600 माणसांमागे उभे राहिलात तर 80 मिनिटं लागतील.

हे गणित करून "बघा, साधी रांग चौपट झाली!" असं जाहीर करायचा मोह होतो. मीही केलं होतं. पण ती तुलना चुकीची आहे. वेळ घेऊन येणारी माणसं वेळ नसती मिळाली तर घरी बसली नसती. तीही याच रांगेत आली असती आणि तुमच्यापुढे 600 पेक्षा कितीतरी जास्त माणसं असती. राइडची क्षमता दोन्ही वेळा 1,800 च आहे. त्या एका राइडपुरतं बघितलं, तर एकाचं थांबणं वाचलं ते दुसऱ्याच्या पदरात पडलं, एवढंच.

खरा फरक दुसरीकडे पडतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे. (हो, हा खराच सिद्ध केलेला!) रांगेतल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. आभासी रांगेतला माणूस हवेत विरघळत नाही. त्याचा हक्क एका रांगेत असतो आणि शरीर दुसऱ्या. दोन तासांनंतरची वेळ हातात आहे, तोवर काय करायचं? बाजूच्या लहान राइडवर जाऊ. सगळ्यांनी हाच विचार केला की जिथे दहा मिनिटांत बसता येत होतं तिथला येण्याचा वेग वाढतो आणि तिथेही रांग लागते. पार्कच्या हिशेबात माणूस दुकानात असायला हवा होता, पण तो दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला.

हे तपासण्याचा एक चांगला प्रयत्न विद्यापीठाबाहेर झाला. 'डिफंक्टलँड' या यूट्यूब वाहिनीने 2021 मध्ये फास्टपासच्या इतिहासावर दीड तासाहून मोठा माहितीपट काढला. त्यात संगणकावर 'शेपलँड' नावाचं एक काल्पनिक पार्क उभं केलं आहे. वेगवेगळ्या स्वभावाचे पाहुणे त्यात सोडायचे, एकदा फास्टपासशिवाय आणि एकदा फास्टपाससह, आणि रांगांचं काय होतं ते बघायचं. माहितीपटाचा रोख असा की फायदा होतो, पण तो ज्यांना यंत्रणा कळते त्यांना. बाकीच्यांच्या रांगा लांबतात. संशोधनाची प्रश्नाकडून पद्धतीकडे जाणारी वाट बघायची असेल तर हा माहितीपट जरूर बघा. त्याची मर्यादाही नोंदवा: शेपलँडचे पाहुणे पार्कमध्ये थांबतात, पण आधीच्या रात्री घरी बसून कोणी एक्सेल शीट बनवत नाही. म्हणजे कंपनीच्या बाजूचा लेख असो की टीका करणारा माहितीपट, दोघांचंही घड्याळ पार्कच्या फाटकापाशीच सुरू होतं.

न्यायाचा मुद्दा रिचर्ड लार्सन यांनी 1987 मध्येच मांडला होता. एमआयटीचे हे प्राध्यापक म्हणतात, माणूस मिनिटांपेक्षा जास्त चिडतो तो आपल्यानंतर आलेला पुढे गेला की. साध्या रांगेत उभ्या असलेल्याला शेजारून वाहणारी वेगवान रांग दिसत असते. लेखाने अदृश्य म्हटलेली रांग त्याच्यासाठी चांगली डोळ्यांसमोर असते.

नियोजनाची किंमत कंपनीनेच लावली

"पण ताई, घरी केलेलं नियोजन म्हणजे थांबणं कसं? ती तर हौस." ही शंका रास्त आहे. मी एक पुरावा देते.

फास्टपास प्लस 2020 मध्ये महामारीत बंद पडला तो परत आला नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये फ्लोरिडात त्याच्या जागी सशुल्क सेवा आली, सुरुवातीला माणशी दिवसाला 15 डॉलर. आता 60 दिवस आधीची गरज नव्हती, मात्र त्याच दिवशी सकाळी 7 वाजता फोन हातात घेऊन बसायचं आणि दिवसभर पुढची वेळ धरत राहायचं. लोक कंटाळले. जुलै 2024 मध्ये पुन्हा आधीचं आरक्षण आलं: हॉटेलात उतरणाऱ्यांना 7 दिवस आधी, इतरांना 3 दिवस आधी. ही ये-जाच सांगते की थांबणं कुठेतरी ठेवावंच लागत होतं. कधी दोन महिने आधी, कधी पहाटे, कधी आठवडा आधी.

त्यानंतर 2024 च्या ऑक्टोबरअखेर एक नवा पास आला. तो घेतला की कोणतीही वेळ निवडायची नाही. वेगवान रांग असलेल्या प्रत्येक राइडवर मनात येईल तेव्हा एकदा जायचं. फ्लोरिडात त्याची किंमत पार्क आणि तारखेनुसार माणशी दिवसाला 129 ते 449 डॉलर ठेवली गेली. वेळा निवडून वापरायचा पास याच्या कितीतरी खाली होता.

म्हणजे नियोजन न करण्याची मुभा ही विकायची वस्तू झाली. नियोजन ही नुसती हौस असती, तर ती टाळायला कोणी एवढे पैसे का मोजले असते?

आता माझ्याच युक्तिवादावर एक आक्षेप घेते, नाहीतर तुम्ही घ्याल. महागड्या पासात राइड्सही जास्त मिळतात. काही राइड्सचे वेगळे पैसे भरावे लागतात, त्याही यात येतात. त्यामुळे दोन किमतींमधली पूर्ण वजाबाकी ही नियोजनाची किंमत नाही. तिच्यात दुसऱ्या चलाची सरमिसळ आहे. नियोजन टाळण्याला किंमत आहे एवढंच यावरून म्हणता येतं. ती किती, हे म्हणता येत नाही.

आणि दुसरा आक्षेप ताईकडूनच आला. मी तिला हे सगळं ऐकवलं तर ती हसली. म्हणाली, "अगं, शीट बनवताना मला मजा आली. रात्री मुलं झोपली की आम्ही दोघं कॉफी घेऊन तेच करत बसायचो. कंटाळा आला तो तिथे दर तासाला ॲप बघायचा." माझ्या सिद्धान्ताला हे सरळ छेद देणारं होतं. मी घरचे सगळे तास "छुपं थांबणं" या एकाच खात्यात टाकले होते. ताईच्या लेखी घरचा वेळ सहलीचाच भाग होता, आणि पार्कमधली फोनवरची मिनिटं हे थांबणं. एका माणसाच्या बोलण्यावरून निष्कर्ष निघत नाही, पण व्याख्या चुकली आहे एवढं कळायला एक माणूस पुरतो.

नियोजन सोपं नसतं, हेही विसरू नका. दहा राइड्स कोणत्या क्रमाने घ्यायच्या याच्या 36,28,800 शक्यता होतात, आणि प्रत्येक राइडची रांग तासागणिक बदलते. डिस्नीचे बेत आखून देणारे लेन टेस्टा संगणकशास्त्राचे विद्यार्थी असताना याच प्रकारच्या गणितावर काम करत होते. फिरत्या विक्रेत्याचं कोडं तुम्ही ऐकलं असेल, त्याचाच हा आणखी किचकट भाऊ. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाकडून आपण हे तोंडी सोडवून घेतोय.

मग चांगला अभ्यास कसा असता?

नुसतं "यात उणीव आहे" लिहून थांबलात तर गाईड परत विचारणार, "मग तुम्ही काय केलं असतं?" माझं उत्तर असं.

पहिलं, प्रतीक्षाकाळाची कार्यात्मक व्याख्या तीन खात्यांत करायची: घरी गेलेली मिनिटं, पार्कमध्ये फोनवर गेलेली मिनिटं आणि रांगेत उभं राहून गेलेली मिनिटं. कुटुंबाकडून वेळेची डायरी भरून घ्यायची, आणि प्रत्येक नोंदीसमोर "हा वेळ कसा वाटला" तेही विचारायचं. ताईसारखं उत्तर आलं तर ते दडपायचं नाही.

दुसरं, सरासरीवर विसंबायचं नाही. यंत्रणा वापरणारे आणि न वापरणारे वेगळे काढायचे. एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला नव्वद, तर सरासरी पन्नास येते, आणि पन्नास मिनिटं कोणीच थांबलेलं नसतं.

तिसरं, कुटुंबातल्या एकालाच विचारायचं नाही. आमच्या घरच्या उदाहरणात नियोजन ताईने केलं, फोन दोघांनी धरले आणि ताटकळली मावशी. तिघांची उत्तरं वेगळी होती.

चौथं, नियम बदलले त्या तारखांचा उपयोग करायचा. फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम जुलै 2020 मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हापासून ऑक्टोबर 2021 पर्यंत वेगवान रांगेची जुनी पद्धतही नव्हती आणि नवीही नव्हती. नैसर्गिक प्रयोगासाठी यापेक्षा चांगला काळ कुठला? पण सावध! त्याच काळात पार्कने गर्दीवर मर्यादा घातली होती आणि लोक प्रवासच कमी करत होते. रांग कशामुळे बदलली हे वेगळं काढल्याशिवाय त्या काळाकडे बोट दाखवता येणार नाही.

माझं काय चुकलं होतं

हे सगळं मला थीम पार्कसाठी शिकायचं नव्हतं. माझ्या पायलट स्टडीत मी प्रतीक्षाकाळाची व्याख्या "केसपेपरच्या खिडकीवर नंबर मिळाल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत" अशी केली होती. ती सोयीची होती, कारण दोन्ही वेळांची नोंद आपोआप होते. त्या दिवशी एका आजींचा वेळ माझ्या तक्त्यात पाऊण तासाच्या आत बसला. मी वहीत लिहिलं, "समाधानकारक".

नंतर चहाच्या टपरीपाशी त्याच आजी दिसल्या. गावाहून पहिली एसटी मिळावी म्हणून त्या पहाटे तीनला उठल्या होत्या. सोबत यायला भाच्याने एका दिवसाची मजुरी बुडवली होती. आणि कोणत्या वारी कोणते डॉक्टर बसतात हे माहीत नसल्याने आठवड्यापूर्वी एक फेरी फुकट गेली होती. माझ्या तक्त्यात यातलं एक मिनिटही नव्हतं. मी तीच चूक केली होती: घड्याळ फाटकापाशी सुरू केलं होतं.

आता माझ्या प्रश्नावलीत तीन प्रश्न वाढले आहेत. घरून किती वाजता निघालात? याच कामासाठी आधी किती वेळा आलात? तुमच्यासोबत आणखी कोणाचा वेळ गेला? गाईडनी यंदा प्रकरण परत केलं तेव्हा "तुमचं मत कुठाय" हा शेरा नव्हता. नमुना कमी आहे म्हणून परत केलं, ती वेगळी गोष्ट!

जाता जाता तुमच्यासाठी काम. तुमच्या आढाव्यातला सर्वात जास्त संदर्भ दिलेला लेख काढा आणि चार ओळी लिहा. लेखाने काय दिलं? कोणी लिहिला आणि कोणता प्रश्न विचारला नाही? मुख्य चल कुठून कुठपर्यंत मोजलं? त्या मोजमापाबाहेर कोण राहिलं? चौथी ओळ लिहायला सर्वात जास्त वेळ लागेल. ती सुचली नाही तर ग्रंथालयातून उठा आणि ज्यांच्यावर तो लेख आहे अशा एखाद्या माणसाशी दहा मिनिटं बोलून या.